फुकटचा वकील खरंच मिळतो का? सालदाराच्या पोरीची खावटीची केस आहे

तापीकाठचा | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे अकरा वर्षांपासून एक सालदार आहे, पावरा आदिवासी आहे, वर सातपुड्यातला. पुण्यामुंबईवाल्यांसाठी सांगतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहून काम करणारा गडी, आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं. तर त्याची पोरगी पाच वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यात दिली होती, एक लहान लेक आहे तिला. नवरा सुरतला मिलमध्ये गेला आणि तिकडेच दुसरी ठेवली. दीड वर्ष झालं पोरगी बापाच्या झोपडीत आहे, नवरा एक रुपया पाठवत नाही, फोन केला तर उचलत नाही.

आता सालदार खावटीसाठी, म्हणजे नवऱ्याकडून पोटगी मिळावी म्हणून, एका वकिलाकडे जाऊन आला. वकील म्हणे वीस हजार, प्रत्येक तारखेचे पाचशे वेगळे, टायपिंग झेरॉक्स वेगळं. काल संध्याकाळी मोटर बंद करून आला आणि ओट्यावर बसून म्हणतो, दादा, वीस हजार उचल द्या, पुढच्या दोन सालात फेडतो. मला खरं सांगतो कसंतरीच झालं. नवऱ्याकडून महिना दोन तीन हजार मिळावे म्हणून बापाने दोन वर्षं स्वतःला गहाण टाकायचं, हा कुठला हिशेब.

कोणीतरी सांगितलं सरकार फुकट वकील देतं. मी गेलो चौकशीला तर तालुक्याच्या कोर्टात एका खिडकीवर सांगितलं इथं तसलं काही नाही, जिल्ह्याला जा. खरं काय आहे? कोणाला अनुभव असेल तर सांगा. गाव तालुका विचारू नका.

भरीत_पार्टी | १२ जून, रात्री १०:०५

फुकटचा वकील म्हणजे फुकटचं बियाणं भो. उगवलं तर उगवलं.

काळाकोट | १२ जून, रात्री ११:३२

धागाकर्त्याला आधी सरळ उत्तर देतो मग भरीतभाऊंकडे वळतो. मिळतो. आणि ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, प्रत्यक्ष लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणून दरवर्षी ९ नोव्हेंबरला कोर्टात बॅनर लागतात आणि शाळेची पोरं घोषणा देत फिरतात, बहुतेकांना कायदा तेवढाच माहीत असतो. त्याचं कलम १२ बघा. बाई असेल तर उत्पन्न विचारायचंच नाही. लहान मूल, अनुसूचित जाती जमातीचा माणूस, अपंग, कारखान्यातला कामगार, वेठबिगारीत नाहीतर तस्करीत सापडलेला, पूर दुष्काळ भूकंपात उघड्यावर आलेला, पोलीस कोठडीत नाहीतर जेलात असलेला, यांच्यापैकी कोणालाच उत्पन्नाची अट नाही. उरलेल्यांना मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख. तुमच्या सालदाराची पोरगी बाई पण आहे आणि आदिवासी पण, म्हणजे दोन दारं उघडी, कुठल्याही एकातून आत जा.

"जिल्ह्याला जा" हे चुकीचं सांगितलं तुम्हाला. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा कोर्टात असतं हे खरं, पण तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि तिथले सगळ्यात सीनियर जज साहेबच तिचे अध्यक्ष असतात. खिडकीवर "फुकट वकील" असं विचारू नका, "विधी सेवा समितीचा अर्ज द्यायचाय" असं म्हणा, बघा कसा फरक पडतो. साध्या कागदावर अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, लिहून घेणं त्यांचं काम आहे. तरी कोणी टोलवलं तर १५१०० ला फोन लावा, हेल्पलाइन आहे.

आणि वकीलच फक्त नाही हं. कोर्ट फी, समन्सची फी, टायपिंग, नकला, भाषांतर हे सगळं त्यात येतं. लोकांना वाटतं वकील फुकट आणि बाकीचा खड्डा आपल्या खिशाला, तसं नाही.

राहिली खावटी. आधी सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं, वकील अजून तोंडाने १२५च म्हणतात म्हणून गोंधळू नका. पोरगी जिथे राहते तिथल्या कोर्टात केस टाकता येते, सासरच्या जिल्ह्यात खेटे घालायची गरज नाही. निकाल लागेपर्यंत तात्पुरती खावटी पण मागता येते, तो अर्ज नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो.

भरीत_पार्टी | १३ जून, सकाळी ७:१५

वकीलसाहेब, कागदावरचं सगळं पटलं. माझ्या चुलतभावाला मारामारीच्या केसमध्ये असाच वकील दिला होता. सहा महिन्यांत एकदा पण भेटला नाही. तारखेला पोलीस आणायचे, वकील दाराशी दोन मिनिटं भेटायचा, नाव काय म्हणून विचारायचा, दर वेळी नाव विचारायचा!! शेवटी काकांनी गाय विकून खासगी वकील लावला. म्हणून म्हणतो बियाणं.

हिशेबी_माणूस | १३ जून, सकाळी ८:५०

बाई असेल तर फुकट, अमुक जात असेल तर फुकट. आमच्यासारख्या दीड एकरवाल्याने काय करायचं? बांधाची केस नऊ वर्षं चालू आहे, वकिलाला दिलेल्या पैशात तो बांध विकत घेतला असता.

निवृत्त_शिरस्तेदार | १३ जून, दुपारी १:२०

हिशेबी, रागवू नका, पण कलम पूर्ण वाचलं नाहीत तुम्ही. तुमचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तुम्ही पण बसता, जात कोणतीही असो. दाखल्यासाठी तहसीलच्या फेऱ्याही माराव्या लागू नयेत कारण कलम १३ सांगतं की अर्जदाराने प्रतिज्ञापत्र दिलं तर सहसा तेवढ्यावर मानायचं, खोटं वाटायला काही कारण असेल तरच पुढची चौकशी. आता एखादा बाबू तरी दाखला मागतोच, तिथे तोंड उघडायचं. एकतीस वर्षं कोर्टात काढली मी, या टेबलवरून त्या टेबलवर. निम्मी माणसं हक्क नाही म्हणून परत जात नाहीत हो, खिडकीवरच्या माणसाने मान वर केली नाही म्हणून जातात. त्या खिडकीत मी पण बसलेलो आहे, तेव्हा हे दुसऱ्याला नाही म्हणत.

धागाकर्त्याला कामाच्या दोन गोष्टी. महाराष्ट्रात १९९४ पासून बायकांना खावटी, घटस्फोट, छळ, मालमत्ता अशा केसेसमध्ये कोर्ट फी माफ आहे. तरी कोणी "तिकिटं आणा" म्हणालं तर एवढंच विचारा, कशाची. आणि लग्नाचा पुरावा काढून ठेवा. पावरा लोकांत नोंदणी क्वचित असते, मग पत्रिका, फोटो, रेशनकार्डात नाव, लेकीच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव, पंचांचे जबाब, जे असेल ते एका पिशवीत घाला. नवरा उद्या कोर्टात उभा राहून "ही माझी बायकोच नाही" म्हणेल. नव्वद टक्के हेच म्हणतात असं लिहिणार होतो पण मोजलेलं नाही, पुष्कळ म्हणतात एवढं खरं.

काळाकोट | १३ जून, संध्याकाळी ६:४५

भरीतभाऊंना उत्तर द्यायलाच हवं कारण मी स्वतः पॅनेलवर, म्हणजे विधी सेवेच्या वकिलांच्या यादीवर, होतो. चुलतभावाचं ऐकून वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं.

पॅनेलच्या केसची फी बाहेरच्या फीच्या तुलनेत चहापाण्याइतकी, तीसुद्धा बिल टाकल्यावर महिनोन्महिने येत नाही, कुठल्या जिल्ह्यात ते विचारू नका. त्यामुळे चांगली चालणारी वकील मंडळी पॅनेलकडे फिरकत नाहीत, नवी पोरं येतात, त्यातली काही जीव तोडून करतात आणि काही नुसत्या तारखा घेतात. मी दोन्ही केलंय. पहिल्या वर्षी जीव तोडला, तिसऱ्या वर्षी तारखा घेतल्या. बाहेरची केस पुकारली गेली की पाय आपोआप तिकडे वळतो, घरी ईएमआय असतो.

आता फौजदारीत आरोपीच्या बाजूसाठी वेगळी सोय निघाली आहे, लोक अभिरक्षक कार्यालय. २०२२ पासूनची योजना. त्यात वकील पूर्णवेळ नेमतात, महिन्याचा ठराविक पैसा देतात आणि बाहेरची प्रॅक्टिस बंद. चुलतभावाची केस आज असती तर बहुधा तिकडेच गेली असती. खावटीला मात्र अजून पॅनेलवरचाच वकील मिळेल.

वकील काम करत नसेल तर बदलून मागता येतो. लेखी अर्ज द्यायचा, जिल्ह्याला सचिव असतात, ते न्यायाधीशच असतात, त्यांच्याकडे. आणि नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपया मागायचा नाही असा नियम आहे. "साहेब पेट्रोलचं तरी बघा" हे पण त्यातच आलं.

धडगावची | १४ जून, रात्री १२:१०

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

सगळे कायदा सांगताय, मी अंतर सांगते. मी धडगावकडची, सध्या नंदुरबारला शिकते. आमच्या मामाची गोष्ट आहे. पाड्यावर भांडण झालं, केस झाली, जामीन झाला. तारीख पडली दिवाळीनंतरची. आता दिवाळीनंतर आमच्याकडे पाड्यावर असतं कोण? सगळे कोयते घेऊन गुजरातेत ऊसतोडीला. मुकादमाची उचल घेतलेली असते, मधेच सोडून येता येत नाही, आणि बार्डोलीकडून यायचं म्हणजे येण्याजाण्यात दोन तीन दिवसांची मजुरी गेली. मामाच्या तीन तारखा चुकल्या, कोर्टाने वॉरंट काढलं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला मामा घरी आला, नवा फेटा बांधून बाजारात गेला आणि तिथूनच पोलिसांनी नेला. ढोल चालूच होते.

पुढची मजा ऐका. जामीन परत मंजूर झाला पण जामीनदार पाहिजे, सातबारावाला. आमच्या पाड्यावर वनहक्काचे पट्टे आहेत, सातबारा कोणाचा आणणार? मामा जामिनाचा कागद झालेला असून दोन महिने आत. घरी आजी म्हणायची कागद झालाय तर माणूस का येत नाही. काय सांगायचं तिला.

शेवटी जेलमध्ये येणाऱ्या विधी सेवेच्या वकील मॅडमने सोडवलं. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडा असा अर्ज केला. त्यांनीच सांगितलं की सुप्रीम कोर्टाची ३१ जानेवारी २०२३ ची ऑर्डर आहे, जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर जेल सुपरिटेंडेंटने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. आमच्या वेळी कोणी कळवलं नव्हतं, मॅडमने यादी चाळताना नाव पाहिलं म्हणून कळलं.

आणखी एक. मामाला मराठी मोडकी येते. केस चालू झाली तेव्हा साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, मामा म्हणाला हो. त्याला वाटलं हजर आहे का विचारताहेत. मॅडम उभ्या राहिल्या, म्हणाल्या साहेब याला पावरी येते, आधी समजावून सांगू द्या. बाहेर ओसरीत मी होते, मलाच आत बोलावलं. मी पावरीत विचारलं तेव्हा मामा घाबरून म्हणाला, नाही नाही, मी कुठे मारलं. एका "हो" ने काय झालं असतं बघा.

अंजनीपुत्र | १४ जून, सकाळी ६:३०

ताई वाचून अंगावर काटा आला.

भरीत_पार्टी | १४ जून, सकाळी ९:०२

धडगावताई, माझे शब्द मागे घेतो. सगळे नाही, निम्मे.

काळाकोट | १४ जून, दुपारी २:१५

ताईंनी सांगितलं तो घोळ जुनाच आहे. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या जेलांमधले कच्चे कैदी सुप्रीम कोर्टापुढे आले. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जितकी शिक्षा, त्याहून जास्त काळ खटला न चालताच आत बसलेली माणसं होती त्यात. तिथून कोर्ट ठाम म्हणायला लागलं की वकील परवडत नाही त्याला सरकारने वकील द्यायचाच. त्याच्या आधी १९७६ च्या घटनादुरुस्तीत मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९अ आलं होतं पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे भिंतीवरच्या सुविचारासारखं. पुढे १९८६ च्या सुकदास खटल्यात अरुणाचलच्या आरोपीची शिक्षाच रद्द केली, कारण वकील मागायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं आणि कोणी सांगितलंही नव्हतं. आरोपीने मागितला नाही हे कारण चालणार नाही, सांगायचं काम कोर्टाचं. मामा कोर्टात उभा होता तेव्हा या निकालाला पस्तीसच्या वर वर्षं होऊन गेली होती.

आणि हो, खालच्या कोर्टात हरलात तरी दार बंद होत नाही. आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, तिथे पण विधी सेवा उपसमिती आहे, अपिलाला वकील मिळतो.

हिशेबी_माणूस | १४ जून, दुपारी ४:४०

माझी बांधाची केस लोकअदालतीत ठेवतो म्हणताहेत. ठेवू का?

निवृत्त_शिरस्तेदार | १४ जून, रात्री ८:००

ठेवा, पण डोळे उघडे ठेवून. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते हा फायदा. पण तिथे निवाडा करणारं पॅनेल घाईत असतं, एका दिवसात ढिगाने केसेस, संध्याकाळी आकडा वर कळवायचा असतो, "घ्या मिटवून, घ्या मिटवून" चालू असतं. बांध किती फूट कुठून कुठे हे नकाशासकट लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. पटलं नाही तर नाही म्हणा, केस होती तिथे परत जाते, काही बिघडत नाही.

तापीकाठचा | २१ जून, रात्री ९:१५

अपडेट देतो. तालुक्याला गेलो, मी, सालदार, पोरगी आणि तिची लेक. काळाकोट साहेबांनी सांगितल्याप्रमाणे "विधी सेवा समितीचा अर्ज" म्हणालो. तीच खिडकी, तोच माणूस, म्हणे वरच्या मजल्यावर तिसरी खोली. मागच्या वेळी ही खोली नव्हती बहुतेक.

आत एक बाई बसल्या होत्या, पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणे, म्हणजे कायद्याच्या कामात लोकांना मदत करणाऱ्या स्वयंसेविका. त्यांनी पोरीलाच विचारलं, मी मधे बोलायला लागलो तर म्हणाल्या, दादा तुम्ही जरा बाहेर बसता का. बसलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. नंतर कळलं की नवऱ्याने दोनदा मारून डोकं फोडलं होतं, हे तिने बापालाही सांगितलं नव्हतं, मला काय सांगणार होती.

कागदावर सही म्हणून तिने नाव लिहिलं, चार अक्षरं, बराच वेळ लागला. शाईचा पॅड पुढे सरकवलेला होता, तिने तो परत मागे सारला.

काळाकोट | २१ जून, रात्री १०:३०

मारहाण असेल तर खावटीसोबत कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज पण होतो, २००५ चा. नेमलेल्या वकिलाला आठवण करा. दवाखान्याची चिठ्ठी असेल तर तीही पिशवीत.

तापीकाठचा | २८ सप्टेंबर, रात्री ८:५०

मंडळी, बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं म्हणून लिहितो.

अर्ज दिल्यावर पाचव्या दिवशी वकील नेमल्याचं पत्र आलं. वकीलबाई तरुण आहेत, भरीतभाऊ, नाव एकदाच विचारलं! दोन्ही अर्ज दाखल झाले. पैसे एकूण खर्च झाले ते एसटीचे आणि वडापावचे.

पण लगेच सुतासारखं सरळ झालं असं समजू नका. नोटीस दोन वेळा परत आली, "इसम पत्त्यावर मिळून आला नाही". गावात सासू दारातच उभी राहून सांगते तो कुठे आहे माहीत नाही. दोन महिने त्यातच गेले. एकदा जज साहेब रजेवर, एकदा वकिलांचा बहिष्कार, आम्ही तासभर झाडाखाली बसून परत. त्या दिवशी सालदार म्हणाला, दादा, वीस हजारवाला केला असता तर लवकर झालं असतं का? मी बार रूमबाहेर दुसऱ्या दोन पक्षकारांना विचारलं, पैसे भरलेले. त्यांच्या पण नोटिसा परतच आल्या होत्या.

पत्ता सापडला तो भलत्याच ठिकाणी. नवऱ्याच्या मावसभावाने व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं, मिलच्या गेटवर सगळे उभे, मागे मिलच्या नावाची पाटी. पोरीने स्वतः स्क्रीनशॉट काढून वकीलबाईंना दाखवला. त्या पत्त्यावर नोटीस गेली, गडी बरोबर हजर झाला, वकील घेऊन. आणि काय म्हणाला असेल? शिरस्तेदार काका, तुम्ही म्हणाला होतात तेच. माझी बायकोच नाही म्हणे. वकीलबाईंनी पिशवीतून लेकीचा जन्मदाखला काढून पुढे ठेवला.

आता दोघांनी आपापल्या कमाईचं शपथपत्र द्यायचंय, वकीलबाई म्हणाल्या सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे तसा, नवऱ्याला नुसतं "मी गरीब आहे" म्हणून सुटता येत नाही, मिलचा पगार, बँकखातं सगळं लिहावं लागतं. तात्पुरत्या खावटीवर पुढच्या तारखेला युक्तिवाद आहे. मिळेल किती ते माहीत नाही, मिळाली तर वसूल कशी होईल ती आणखी पुढची लढाई.

धडगावची | २८ सप्टेंबर, रात्री ९:२०

दादा, ऊसतोडीचे दिवस आता येतील, सालदार जाणार तर नाही ना? तारीख चुकू देऊ नका.

तापीकाठचा | २८ सप्टेंबर, रात्री ९:४५

नाही ताई, तो आमच्याकडेच. पण तारीख पडलीय नेमकी केळीच्या कटाईच्या दिवशी. व्यापाऱ्याची गाडी सकाळी सातला लागणार. मी त्याला म्हटलं पोरीला एकटीला पाठव, तिला आता रस्ता माहीत आहे, वकीलबाईंचा फोन नंबर आहे. तर म्हणतो, पोरगी तर जाईलच, पण मी पण जाईन, तो माणूस समोर उभा राहील तेव्हा मी मागे असलो पाहिजे. मग गाडी कोण भरणार म्हटलं.

म्हणे तुम्ही आहात ना दादा.

तर मंडळी, त्या दिवशी घड उचलायला मी आहे. कंबरेचा पट्टा आणून ठेवलाय.